तेरा-चौदाचा सांधा

कादंबरी लिहून संपली तेव्हा धाकटीला आनंद व्हायला हवा होता. इतरांना होतो म्हणे. कोणी मैत्रिणींना फोन करत सुटतं, कोणी ढसाढसा रडतं. धाकटी मात्र घाबरली. शेवटचा पूर्णविराम देऊन ती खुर्चीत मागे टेकली आणि पहिला विचार मनात आला तो असा: आता हे ताई वाचणार.

धाकटी एका मोठ्या रुग्णालयात चौकशीच्या खिडकीत बसायची. एक्स-रे कुठे काढतात, मेंदूचे डॉक्टर कधी येतात, कुठली लिफ्ट चालू आहे, दिवसभर हेच. साऱ्या जगाला वाट दाखवणारी ही बाई स्वतःच्या कादंबरीत मात्र वर्षानुवर्षं चुकत होती. चाळिशी उलटली तेव्हा कुठे पुस्तक पुरं झालं.

आणि ताई म्हणजे तिची आईच. लोक प्रेमाने म्हणतात तसं नव्हे, अगदी खरोखर. धाकटी पाच वर्षांची असताना आई गेली. ताई तेव्हा सोळाची. वडील पुस्तकबांधणीच्या कामावर, स्वभावाने असे घुमे की घरात आहेत की नाहीत ते खोकल्यावर कळायचं. ताईने शाळा सोडली, वडिलांच्या शेजारी बांधणीच्या टेबलाशी उभी राहिली आणि धाकटीला वाढवलं. वेणीफणी, डबा, ताप, परीक्षा, सगळं तिनेच केलं. पुढे लग्न ठरलं ते छापखानेवाल्याशीच, आणि तेही अट घालून: धाकटी माझ्याबरोबर येणार. भाऊजी दिलदार माणूस. म्हणाले, "बरंच झालं. छापखान्यात प्रुफं वाचायला कोणीतरी हवंच होतं." धाकटी तेव्हा दुधाचे दात पाडत होती.

छापखान्यात कागदाच्या कापून उरलेल्या पट्ट्या ढिगाने पडायच्या. त्या पट्ट्यांवर धाकटीने पहिली गोष्ट लिहिली. ताईने ती वाचली नाही, पण दोऱ्याने शिवून, वर निळा पुठ्ठा लावून तिच्या हातात दिली. म्हणाली, "तू लिही, मी बांधीन." पुढे धाकटी मोठी झाली, कामाला लागली, वेगळी खोली घेऊन राहू लागली, तरी ताईचं ते वाक्य काही सुटलं नाही. कोणी पाहुणा आला की सांगायची, "आमची धाकटी पुस्तक लिहितेय. बांधणार मी." वाचायला मात्र मागितलं नाही कधी. "कच्चं मी चाखत नाही. पुस्तक होऊ दे, मग बघू."

आता ती घाबरली का, ते सांगायला हवं.

आई गेली म्हणजे वारली, असं धाकटीला सांगितलं होतं. सांगितलं ताईने. पण आई वारली नव्हती. एका सकाळी घर सोडून निघून गेली होती, आणि वर्षभराने एकदा परत आली होती. धाकटी तेव्हा घरातल्या लाकडी बाकाखाली लपाछपी खेळता खेळता पेंगली होती. दार वाजल्यावर जागी झाली. बाकाखालून तिला दोन बायकांचे फक्त पाय दिसले, पण बोलणं ऐकू आलं, आणि दाराबाहेरचा आवाजही तिच्या ओळखीचा होता, आईचा. ताई दारातल्या बाईला म्हणाली, "ती झोपलीय. आणि तिच्यासाठी तू मेलीयस." दार लागलं. आई पुन्हा आली नाही. धाकटी बाकाखालून निघाली आणि एक शब्द बोलली नाही, ना त्या दिवशी, ना पुढे कधी. ताईला आजवर वाटत होतं, ही गोष्ट आपल्याबरोबरच संपणार.

तो प्रसंग धाकटीने कादंबरीत घातला होता. खरं सांगायचं तर सगळी कादंबरी तिने त्या दोन पानांसाठीच लिहिली होती. बाकीचं सगळं त्या पानांपर्यंत जायची वाट होती.

अशात तिला एका डिजिटल प्रकाशनाच्या संपादक बाईंचा फोन आला. हस्तलिखित धाकटीनेच भीत भीत पाठवलं होतं. बाईंचा आवाज असा, की समोरच्याला आपण उगाच वेळ घालवतोय असं वाटावं.

"फार आवडलं. ते लाल बुटांचं प्रकरण तर अप्रतिम. आम्ही ई-बुक काढू, ऑडिओही करू. पण एक आहे, पहिलं वर्षभर छापील आवृत्ती नको. हे की ते, काय ते ठरवा."

"आणि नंतर काही बदलावंसं वाटलं तर?"

"अहो, डिजिटलचा फायदाच तो. कधीही बदला. एखादं पान नको वाटलं, काढून टाकलं. वाचणाऱ्याच्या फोनमधूनही जुनं जाऊन नवं येतं. कोणाला पत्ता लागत नाही. शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा."

कोणाला पत्ता लागत नाही. हे वाक्य धाकटीच्या डोक्यात भुंग्यासारखं फिरू लागलं. ताई फोनवर बातमीसुद्धा वाचत नाही. ई-बुक निघालं तर तिच्या हाती ते पान लागणारच नाही, आणि लागलंच तर काढून टाकता येईल. झालं गेलं गंगेला मिळालं. पण मग ताईने बांधायचं काय? इतकी वर्षं पाहुण्यांना सांगत आली त्याचं काय? तिला कारण काय सांगायचं? इकडे आड, तिकडे विहीर.

लाल बुटांचं प्रकरण म्हणजे पुस्तकाची सुरुवात. ताईने पहिल्या पगारातून धाकटीला लाल बूट आणले, टाचेला छोटी पितळी बकलं असलेले. धाकटी ते घालून झोपायची. माया म्हणजे काय, ते आपल्याला त्या बुटांनी कळलं, असं तिने लिहिलं होतं, आणि ते लिहिताना खोटं एक अक्षर नव्हतं. ताईवर तिचं जीवापाड प्रेम होतं. आणि त्याच ताईने आपली आई दारातून हाकलली, याचा रागही तितकाच खोल होता. दोन्ही एकाच पोटात राहत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

शेवटी धाकटीने केलं काय, तर दोन्ही दगडांवर पाय ठेवला. संपादक बाईंना म्हणाली, विचार करून सांगते. भाऊजींना म्हणाली, घ्या छापायला. आणि मधल्या काळात एक अशी चलाखी केली जी बांधणीच्या टेबलाखाली वाढलेल्या पोरीलाच सुचावी.

पुस्तक छापतात ते सुटं पान-पान नाही. मोठ्या कागदावर एकदम सोळा पानं छापतात आणि त्याची घडी घालतात. तो फर्मा. घडी घातलेल्या फर्म्याचं पहिलं पान वर दिसतं, शेवटचं खाली, मधली सगळी घडीच्या पोटात. असे फर्मे ओळीने लावून ताई पुस्तक जुळवायची. तिची एक पद्धत होती. एकदा म्हणे कोणाच्या तरी पुस्तकात दोन फर्म्यांची अदलाबदल झाली होती आणि नायिका मेल्यावर तिचं लग्न लागलं होतं. तेव्हापासून ताई जुळवणीआधी प्रत्येक फर्म्याच्या शेवटच्या ओळी आणि पुढच्याच्या पहिल्या ओळी मोठ्याने वाचायची आणि म्हणायची, "जुळतंय." याला ती सांधा तपासणं म्हणायची. जन्मात तिने हजारो पुस्तकांचे सांधे वाचले असतील, आख्खं पुस्तक क्वचितच.

धाकटीने पानं स्वतःच लावली होती, छापखान्याच्या कॉम्प्युटरवर. पहिल्यांदा लावली तेव्हा तो प्रसंग नेमका सांध्यावर आला. मग तिने काय करावं? एक अर्पणपत्रिका घातली: 'ताईला, जिने मला बांधलं.' तिच्यामागे कोरं पान सोडलं. नको नको म्हणत मनोगत लिहिलं. प्रकरणं नव्या पानावर सुरू केली. करता करता आठ पानं पुढे सरकली आणि तो प्रसंग एकशे चार आणि एकशे पाच या पानांवर जाऊन बसला, सातव्या फर्म्याच्या ऐन मध्यावर, जिथे घडीचं पोट असतं आणि शिवणीचा दोरा जातो. त्याहून आत जागाच नाही. जुळवताना तिथे कोणाची नजर पोहोचणं शक्य नव्हतं. पुस्तक एकदा बांधून, वाटून झालं, की मग ताईने वाचावं, रागवावं, काय हवं ते करावं. पण तोवर बांधून झालेलं असेल.

स्वतःच्या बहिणीच्या हातून, तिच्या नकळत, तिचीच बदनामी शिवून घ्यायची होती. हे धाकटीला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. तेवढीच दाखवलेली अर्पणपत्रिका वाचून ताईने डोळ्यांना पदर लावला, तेव्हा तर फारच कळलं. पण कळतं पण वळत नाही म्हणतात, त्यातली गत.

शुक्रवार उजाडला. धाकटी खिडकीत बसली होती. समोर एक आजोबा रक्ततपासणीचा कागद उलटसुलट करत उभे. तेवढ्यात भाऊजींचा फोन आला.

"अगं, तुला सांगायचं राहिलं. मोठं मशीन बंद पडलंय सोमवारपासून. दुरुस्तीवाला उगवेना. म्हटलं तुझं काम अडायला नको, म्हणून छोट्या मशीनवर काढलं. फर्मे आठ-आठ पानी झालेत, पण छपाई काय आलीय म्हणतेस! ताई सांधे तपासायला बसलीय. आज ये, पहिली प्रत शिवू."

"आठ पानी?" धाकटी म्हणाली.

"हो. थोडं शिवायचं काम वाढलं, एवढंच."

आजोबा विचारत होते, "रक्त कुठे द्यायचं?" धाकटीला ते ऐकूच आलं नाही. ती मनात घडी उलगडत होती. सोळाचे आठ-आठ झाले, म्हणजे सातवा फर्मा मधोमध तुटला. त्याचे तेरावा आणि चौदावा झाले. तेरावा एकशे चारवर संपतो. चौदावा एकशे पाचने सुरू होतो. जे सगळ्यात आत होतं ते सगळ्यात बाहेर आलं होतं.

शेजारणीला खिडकी सोपवून, डोकं दुखतंय म्हणून ती निघाली. खोटं नव्हतं.

रुग्णालयापासून छापखाना चालत जाण्याजोगा. एरवी धाकटी दुकानांच्या काचांत बघत रमतगमत जायची. आज सिग्नल लाल असताना रस्ता ओलांडला आणि एका सायकलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. चालता चालताच संपादक बाईंना फोन लावला.

"होय," ती धापा टाकत म्हणाली. "डिजिटल. ठरलं."

"छापील थांबवाल ना?"

"थांबवायलाच चाललेय."

"छान. संध्याकाळी करार पाठवते."

छापखान्याचं शटर अर्धं वर होतं. आत शाईचा आणि रॉकेलचा वास. भाऊजी छोट्या मशीनचे रूळ फडक्याने पुसत होते. पलीकडे लांब टेबलावर फर्म्यांच्या थप्प्या ओळीने मांडलेल्या, जशी गाड्यांची रांग लागावी. आणि टेबलाशी ताई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात घडी दाबायची हाडाची पट्टी.

"आलीस? बस," ताई मान वर न करता म्हणाली. "आठवा झाला. नववा बघतेय." आणि वाचू लागली, एकसुरी, किराण्याची यादी वाचावी तशी. "'...पावसाळी चपला उंबऱ्यात वाळत' आणि इकडे 'घातलेल्या होत्या.' जुळतंय."

"ताई, तू ऊठ. मी तपासते. तुझी कंबर दुखेल."

"माझी कंबर तुझ्या जन्माआधीपासून दुखतेय."

"दे ना. मीच लिहिलंय, मला पटकन कळेल."

"म्हणूनच नको. लिहिणाऱ्याला चूक दिसत नाही, त्याला मनातलंच दिसतं." ताईने दहावा उचलला. "जुळतंय."

धाकटी टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, बरोबर तेराव्या आणि चौदाव्या थप्पीसमोर. चौदाव्या थप्पीवर वरच एकशे पाचवं पान होतं, उघडं, पांढऱ्यावर काळं. तिने आपली पर्स त्यावर ठेवली.

"पर्स उचल," ताई म्हणाली. "डाग पडेल. तुझ्या पर्सला नाही, माझ्या कागदाला."

धाकटीने पर्स उचलली. अकरावा झाला. ताईने बारावा ओढला.

"ताई, छापायचं नाही."

"काय?"

"छापील नको. मी डिजिटलला हो म्हटलंय. आत्ताच, फोनवर. त्यांची अट आहे, छापायचं नाही म्हणून." हे सगळं ती एका दमात बोलली आणि भाऊजींकडे बघून म्हणाली, "कागदाचे पैसे मी देईन."

भाऊजींच्या हातातलं फडकं थांबलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि शहाण्या नवऱ्यासारखे मशीनच्या मागे गेले.

ताईने चष्मा काढला. रागावली असती तर धाकटीला सोपं गेलं असतं. ती रागावली नाही, तिचा चेहरा नुसता उतरला.

"आमची बांधणी नको वाटली का?"

"तसं नाही, ताई."

"नाही, असेल. चांगल्या पुस्तकांना आता यंत्रावर बांधतात. आमचं आपलं जुनं खटलं. आधी सांगितलं असतंस तर मी पाहुण्यांना सांगत सुटले नसते."

"तसं नाही गं!"

"मग कसं?"

मशीनमागे भाऊजी उगाच एक नट घट्ट करत होते. तो केव्हाचाच घट्ट होता.

"बरं," ताईने चष्मा पुन्हा चढवला. "नको तर नको. पण मला काम अर्ध्यावर टाकायची सवय नाही. सांधे तपासून ठेवते. रद्दीत गेलं तरी नीट जाऊ दे."

"ताई, राहू दे ना."

"बारावा. जुळतंय." तिने तेराव्याची प्रत पालथी केली, चौदाव्याची तिच्याशेजारी ठेवली. धाकटीने एकदा हात पुढे केला आणि मागे घेतला. हिसकावून घ्यायचं तरी काय कारण सांगायचं?

ताई वाचू लागली. "'...दार अर्धंच उघडलं होतं. मोठी बहीण बाहेरच्या बाईला म्हणाली, ती झोपलीय. आणि तिच्यासाठी...'" तिचा आवाज तिथे थांबला. डोळे मात्र थांबले नाहीत. ते शेजारच्या पानावर गेले, एकशे पाचवर, आणि एरवी दोन ओळी वाचून सुटणारी ताई ते पान वरपासून खालपर्यंत वाचत राहिली. मग चौदावा फर्मा उलटून आतलं पानही पाहिलं. हाडाची पट्टी टेबलावरून घरंगळून खाली पडली, ती कोणी उचलली नाही.

'जुळतंय' असं ती म्हणाली नाही.

धाकटीला वाटलं, आता काहीही होऊ दे. थोबाडीत मारू दे, घराबाहेर काढू दे, फक्त ही शांतता संपू दे. लहानपणी बाकाखाली अशीच शांतता होती, दार लागल्यानंतरची.

"तू जागी होतीस," ताई शेवटी म्हणाली.

"हो."

"इतकी वर्षं."

"हो."

ताई स्टुलावर बसली. आवाज कोरडा होता. तिने एकशे पाचव्या पानावर एका ओळीखाली बोट ठेवलं. "हे चूक लिहिलंयस. 'रिकाम्या हाताने आली होती, रिकाम्या हाताने गेली.' ती रिकाम्या हाताने आली नव्हती."

धाकटीला काही उमगेना. "मला पाय दिसत होते फक्त."

"म्हणूनच. तिच्या हातात खोका होता. तो माझ्या हातात दिला आणि मग गेली." ताईने तिच्याकडे पाहिलं. "बूट होते, धाकटे. लाल. टाचेला बकलं असलेले."

मशीनमागचा पाना खण्णकन पडला. भाऊजी वाचत नसत, पण बहिरे नव्हते.

"पहिल्या पगारातून..." धाकटी म्हणाली.

"कुठला पगार? आमचा पगार वडिलांच्या हातात पडायचा. आठवडाभर तो खोका मी माळ्यावर दडवला. फेकून द्यायचा होता. पण तुझ्या पायात फाटके बूट बघवेनात. म्हणून दिले, आणि मीच आणले म्हणून सांगितलं. तू माझ्या गळ्यात पडलीस. मग खरं सांगायचा धीर झाला नाही." ती थांबली. "तिला घालवली याचं मला कधी काही वाटलं नाही. खरंच नाही. पोरं टाकून गेली होती ती. पण ते बूट... तू ते घालून झोपायचीस ना, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडायचे."

धाकटी मटकन खाली बसली, कागदाच्या गठ्ठ्यावर. तिचं पहिलं प्रकरण, संपादक बाईंचं लाडकं, तिच्या सगळ्या बालपणाचा पाया, तोच सरकला होता. आईने तिला काहीही दिलं नाही असं समजून ती वाढली होती, आणि आईने दिलेलं पायात घालून ती वाढली होती. आता ती रडली. छानपैकी नाही, नाक गळेपर्यंत.

ताईने उठून तिला जवळ घेतलं नाही. जागेवरून नुसतं फडकं फेकलं. "कागदावर नको रडू."

"मी काढून टाकते ते पान," धाकटी हुंदक्यांत म्हणाली. "डिजिटलमध्ये काढता येतं. कधीही. कोणाला पत्ता लागत नाही. ताई, मी ते पान काढते आणि..."

"म्हणजे मी जे केलं तेच तू करणार," ताई म्हणाली. "माळ्यावर दडवणार."

धाकटीने फडक्याने नाक पुसलं.

"पान काढायचं नाही. बूट घालायचे. अहो!" ताईने हाक मारली. "चौदावा पुन्हा काढायचाय. प्लेट नवी करावी लागेल."

भाऊजी मशीनमागून डोकावले. डोळे लाल होते, पण स्वर धंद्याचा होता. "आठ पानी केलं ते बरंच झालं म्हणायचं. एकच छोटा फर्मा वाया. पण मजकूर तेवढ्याच ओळींत बसव हं, धाकटे. एक ओळ वाढली तर एकशे सहापासून सगळं सरकेल, मग पंधरावा, सोळावा, सगळेच काढावे लागतील."

धाकटी कॉम्प्युटरशी बसली. पडद्यावर एकशे पाच. बूट घालायचे तर आठ ओळी लागत होत्या. आठ घालायच्या तर आठ काढायला हव्यात. पडदाभर जागा मोकळी दिसत होती, पण पान तेवढंच होतं. ताई तिच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच ती कच्चं चाखत होती.

धाकटीने काढायला एक वाक्य निवडलं. 'त्या दिवशी मोठ्या बहिणीने माझ्या आईला दुसऱ्यांदा मारलं.'

"ते राहू दे," ताई म्हणाली. "तुला वाटलं ते लिहिलंस. खोटं नाही."

"मग काय काढू?"

ताईने पडद्यावर बोट टेकवलं, खालच्या परिच्छेदावर. तिथे धाकटीने मोठ्या मनाने लिहिलं होतं, की मी तिला केव्हाच माफ केलं, तीही लहानच होती, माया ही अशीच आंधळी असते, वगैरे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं असा बेतून लिहिलेला परिच्छेद. मोजून आठ ओळी.

"हे काढ."

"हे? हे तर तुझ्या बाजूचं आहे, ताई."

"म्हणूनच काढ. मी माफी मागितली कधी तुझ्याकडे?" ताईचा आवाज पहिल्यांदा हलला. "न मागताच देऊन मोकळी झालीस. मग मी काय मागू?"

धाकटीने तो परिच्छेद खोडला. त्या जागी बूट आले. अलंकार नाहीत, उपमा नाही; खोका, माळा, फाटके बूट, भिंतीकडे केलेलं तोंड. पहिल्या प्रकरणाला हात लावायला ताईने मनाई केली. म्हणाली, तेव्हा तुला तेवढंच माहीत होतं, वाचणाऱ्यालाही तेवढंच असू दे.

संपादक बाईंचा करार आला तेव्हा प्लेट मशीनवर चढत होती. धाकटीने बाहेर जाऊन फोन केला. बाई वैतागल्या. "अहो, तासाभरापूर्वी हो म्हणालात! छापील पुस्तक एकदा गेलं की परत घेता येत नाही, कळतंय ना?"

"कळतंय," धाकटी म्हणाली. "म्हणूनच." आणि क्षमा मागून फोन ठेवला.

छोटं मशीन खडखडत सुरू झालं. भाऊजींनी पहिला नीट उतरलेला कागद दोन बोटांत धरून आणला. शाई अजून ओली होती. ताईने खाली पडलेली पट्टी उचलली, पुसली, आणि शाईला धक्का न लावता घडी घातली. जुना चौदावा बाजूला सारला, नवा तेराव्याच्या शेजारी ठेवला, आणि पुन्हा वाचलं. आधी एकशे चारचा शेवट, या वेळी न थांबता, 'तिच्यासाठी तू मेलीयस' हे शब्दसुद्धा मोठ्याने. मग एकशे पाचची सुरुवात.

धाकटी 'जुळतंय' या शब्दाची वाट बघत उभी होती.

"चुकलं माझं, धाकटे," ताई म्हणाली. नजर कागदावरच होती.

हेच ऐकायला धाकटी बाकाखालून बाहेर आल्यापासून थांबली होती. आणि पुस्तकात आठ ओळी भरून माफ करणाऱ्या त्या बाईला आता एक शब्द सुचेना. ताई वाट बघत होती, पण घाई करत नव्हती.

"पंधरावा देऊ?" धाकटीने विचारलं.

"दे," ताई म्हणाली, आणि स्टूल शेजारी सरकवून तिने धाकटीला बसायला जागा केली.